कै. डॉ. प्रफुल्लकुमार सेन : हृदयोपचाराची घडी बसविणारे शल्यविशारद

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एका तरी थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. बहुधा ते ज्ञातीतीलच एखाद्या कर्तृत्ववान पुरुषाचे अथवा स्त्रीचे असते. यंदा मात्र आम्ही कुंपणाबाहेर पाऊल टाकून एका बंगाली शल्यविशारदाचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींच्या हाती देत आहोत. त्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, डॉ. प्रफुल्लकुमार सेन जन्माने कलकत्त्याचे असले तरी त्यांची कर्मभूमी मुंबईच्या परळ भागातील महानगरपालिकेचे इस्पितळ ही होती आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेल्यांत अनेक मराठी माणसे होती. दुसरे कारण अधिक निकटचे आहे. देहूरोड, पिंपरी, चिंचवड व चाकण या पट्ट्यात विखुरलेल्या आपल्या कुटुंबांपैकी हृदयरोगाने ज्याच्या उंबऱ्यास पाय लावला नाही असे घर शोधावयास गेल्यास फार हिंडावे लागेल. ज्या दुखण्याशी आपली गाठ वारंवार पडते, त्या दुखण्यावरील उपचारांची घडी कोणी व कशी बसविली, हे जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

डॉ. सेन यांचा जन्म 1915 सालचा. ते वैद्यकाकडे वळले त्या काळी हृदयावर शस्त्र चालविणे ही कल्पनाच बहुतेक शल्यविशारदांस अघोरी वाटत असे. पोट, हाडे, मूत्राशय यांवरील शस्त्रक्रिया रुळल्या होत्या. परंतु अखंड हालणाऱ्या, क्षणभर थांबले तरी प्राणावर बेतणाऱ्या ह्या अवयवास हात लावण्याचे धाडस जगातही फार थोड्यांनी केले होते. लंडनच्या सूटर नामक शल्यविशारदाने 1925 साली एका मुलीच्या हृदयाच्या झडपेत बोट घालून ती मोकळी करण्याचा प्रयोग केला व ती मुलगी वाचलीही. पण पुढे वीस-बावीस वर्षे त्या वाटेने फारसे कोणी गेले नाही.

डॉ. सेन यांनी ज्या संस्थेत आयुष्य वेचले तिची कुळकथाही सांगण्याजोगी आहे. परळचे राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, ज्यास सर्वजण के. ई. एम. म्हणून ओळखतात, आणि त्यास जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही 1926 साली सुरू झाली. महाविद्यालयासाठी मिळालेल्या देणगीस एक अट होती: तेथील अध्यापक हिंदी असावेत व ते सरकारी नोकरीतील नसावेत. परकीय अमदानीत वैद्यकातील वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. त्या काळी ही अट म्हणजे आपल्या माणसांच्या बुद्धीवर व हातांवर टाकलेला जाहीर विश्वास होता. इस्पितळ नगरपालिकेचे असल्याने तेथे येणारा रुग्ण बहुधा गिरणीकामगार, हमाल, मोलकरीण, किंवा कोकणातून व देशावरून गाडीने आलेला शेतकरी असे. हा संदर्भ आम्ही मुद्दाम देत आहोत. डॉ. सेन यांनी जे उभारले ते ह्या रुग्णासाठी उभारले, हे लक्षात घेतल्याविना त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही.

ह्या रुग्णास होणारा हृदयरोग आज आपण पाहतो त्याहून निराळा होता. आज हृदयविकार म्हटला की मध्यम वयाचा, छातीत कळ येऊन कोसळलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो. त्या काळी इस्पितळाच्या खाटांवर दिसत ती मुले व तरुण स्त्रिया. लहानपणी घसा बसतो, ताप येतो, काही दिवसांनी गुडघे-घोटे सुजतात, आणि आठ-पंधरा दिवसांत सारे ओसरते. घरची मंडळी ते विसरून जातात. परंतु हा सांधेताप, ज्यास डॉक्टर ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात, तो सांध्यांवरून निघून गेला तरी हृदयाच्या झडपांवर आपली खूण ठेवून जातो. तो पुनःपुन्हा आला म्हणजे झडपेच्या पाकळ्या एकमेकींस चिकटतात, तिचे तोंड अरुंद होते, आणि फुफ्फुसांकडून आलेले रक्त पुढे सरकेनासे होते. मग वीस-पंचवीस वर्षांच्या मुलीस जिना चढताना धाप लागते, पहिल्या बाळंतपणात प्राण कंठाशी येतात. दाटीच्या खोल्या, ओल, अपुरे अन्न ही ह्या रोगाची माहेरघरे होत.

1949 साली डॉ. सेन रॉकफेलर प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात गेले. तेथे डॉ. रॅव्हडिन ह्या नामांकित शल्यविशारदाच्या हाताखाली त्यांनी अनुभव घेतला. हे विद्यापीठ फिलाडेल्फिया शहरात आहे, आणि त्या शहरात त्या वेळी हृदयशल्याच्या इतिहासातील मोठी पाने लिहिली जात होती. डॉ. बेली यांनी चिकटलेली मायट्रल झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया 1948 साली ह्याच शहरी यशस्वी करून दाखविली होती. आणि 1953 साली डॉ. गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडून केलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रियाही येथलीच. अशा हवेत वावरलेला तरुण मनुष्य पुष्कळदा तेथेच राहतो, किंवा परत येऊन आपल्याकडे ती साधने नाहीत म्हणून जन्मभर हळहळत बसतो. डॉ. सेन यांनी दोन्ही केले नाही. ते परळास परतले आणि जे हाताशी होते त्यातून आरंभ करण्यास सिद्ध झाले.

आरंभ झाला तो बंद हृदयावरील शस्त्रक्रियांनी. झडप मोकळी करण्याच्या त्या वेळच्या पद्धतीत हृदय थांबवीत नसत व उघडूनही पाहत नसत. बरगड्यांमधून छाती उघडावयाची, हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याच्या टोकास लहानसे छिद्र पाडून त्यातून बोट आत सरकवावयाचे आणि धडधडणाऱ्या हृदयात, डोळ्यांना काही दिसत नसता, केवळ स्पर्शाने झडपेच्या चिकटलेल्या कडा विलग करावयाच्या. यंत्र नाही, फार खर्च नाही. परंतु बोट चुकले तर रुग्ण टेबलावरच जावयाचा. गरीब देशास साजेशी, पण कमालीच्या कौशल्याची ही शस्त्रक्रिया होती. 1950 नंतरच्या वर्षांत ती आपल्या देशात रुजली व असंख्य तरुण स्त्रियांस तिने संसार परत दिला. के. ई. एम. मध्ये ती रुजविण्यात डॉ. सेन अग्रणी होते.

तथापि केवळ एका कुशल हातावर इस्पितळातील हृदयोपचार चालत नाहीत, ही गोष्ट डॉ. सेन यांनी फार लवकर ओळखली, आणि आमच्या मते त्यांच्या चरित्राचे मर्म येथेच आहे. शल्यविशारदाने झडपेस बोट लावण्याआधी रुग्णाची नाडी व छाती तपासून नेमका दोष कोणता हे सांगणारा हृदयतज्ज्ञ लागतो. हृदयापर्यंत बारीक नळी नेऊन आतील दाब मोजण्याची सोय लागते. छाती उघडी असता श्वास चालू ठेवणारा, भूल देण्यात निष्णात असा डॉक्टर लागतो. वेळेवर रक्त देणारी रक्तपेढी लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री डोळ्यात तेल घालून जागणाऱ्या परिचारिका लागतात. आणि जे रुग्ण वाचले नाहीत त्यांची हृदये तपासून चूक कोठे झाली हे निर्भीडपणे सांगणारा विकृतिशास्त्रज्ञ लागतो. हृदय-फुफ्फुस यंत्र आल्यावर तर ह्या साखळीत आणखी कड्या वाढल्या. कारण आरंभीच्या काळी ते यंत्र भरण्यासाठीच एकेका रुग्णामागे रक्ताच्या कित्येक बाटल्या गोळा कराव्या लागत. ह्यांपैकी एक कडी सुटली तरी रुग्ण हाती लागत नाही. डॉ. सेन यांनी नगरपालिकेच्या इस्पितळात, मोजक्या पैशांत, ह्या कड्या एकेक करून जोडल्या. छाती व हृदय यांच्या शल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग, त्यास जोडून प्राण्यांवरील प्रयोगांची प्रयोगशाळा आणि तरुण डॉक्टरांस शिकविण्याची व्यवस्था, अशा त्रिसूत्रीवर त्यांचे कार्य उभे राहिले.

त्यांच्याभोवती जमलेली मंडळीही तशीच होती. डॉ. गुरुकुमार परुळकर हे त्यांचे निकटचे सहकारी; पुढे त्या विभागाची धुरा त्यांनीच वाहिली. डॉ. शरद पांडे, डॉ. केळकर ही नावेही ह्याच परंपरेतील. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किणरे यांनी रुग्ण हृदयांचा सूक्ष्म अभ्यास केला. पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी देशभर नाव मिळविलेले डॉ. तेहम्तन उदवाडिया हेही तरुणपणी त्यांच्या संशोधनात सहभागी होते. त्याच इस्पितळात औषधोपचाराच्या बाजूने डॉ. दाते यांनी हृदयरोगविभाग नावारूपास आणला. रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा काय परिणाम होतो याविषयीचा त्यांचा अभ्यास 1969 साली परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बंगाली, मराठी, पारशी, गुजराती अशा नाना समाजांतील माणसे एका रुग्णाच्या खाटेभोवती एकत्र आली. कोणी कोणाची जात पुसली नाही.

डॉ. सेन यांच्या बुद्धीची झेप दाखविणारे एक उदाहरण आम्ही देतो. हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या तुंबल्या तर काय करावे, हा प्रश्न तेव्हा जगापुढे होता. रोहिण्यांना वळसा घालून नवा मार्ग जोडण्याची शस्त्रक्रिया अजून रूढ व्हावयाची होती. डॉ. सेन यांचे लक्ष सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाकडे गेले. सापाच्या हृदयाचा स्नायू बऱ्याच अंशी आतील पोकळीतूनच, स्पंजाप्रमाणे, रक्त शोषून घेतो. मग मनुष्याच्या हृदयाच्या भिंतीस सुईने बारीक छिद्रे पाडली तर आतील रक्त थेट स्नायूस का मिळू नये? परुळकर, उदवाडिया व किणरे यांच्यासह त्यांनी केलेले हे संशोधन 1965 साली प्रसिद्ध झाले. सुईची छिद्रे कालांतराने बुजतात असे दिसून आले व ती पद्धती टिकली नाही. परंतु पुढे 1980 नंतर पाश्चात्य देशांत लेसर किरणांनी अशीच छिद्रे पाडण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचे मूळ शोधणाऱ्यांस परळच्या ह्या प्रयोगशाळेचे नाव घ्यावे लागते.

त्याहून कमी गाजलेले, पण आमच्या दृष्टीने तितकेच मोलाचे काम म्हणजे महारोहिणीच्या एका विशिष्ट दाहाविषयीचे. ह्या रोगात महारोहिणी व तिच्या शाखा सुजून अरुंद होतात. आपल्याकडे तो तरुण वयात, विशेषतः स्त्रियांत आढळतो. डॉ. सेन व त्यांचे सहकारी किणरे, केळकर व परुळकर यांनी अशा 101 रुग्णांची साद्यंत माहिती जुळवून 1972 च्या सुमारास ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. शंभरावर रुग्णांचे कागद नीट जपून ठेवणे, त्यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवणे, पुन्हा तपासणीस बोलाविणे, हे गर्दीने भरलेल्या सार्वजनिक इस्पितळात किती कठीण आहे हे ज्यांनी तेथील रांगेत उभे राहून पाहिले आहे त्यांस सांगावयास नको. इस्पितळ सुधारते ते अशा वह्यांनी.

आता ज्या घटनेमुळे डॉ. सेन यांचे नाव घरोघरी पोहोचले तिच्याकडे वळू. 3 डिसेंबर 1967 रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी एका मनुष्याचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविले आणि जग थक्क झाले. परळची मंडळी त्यापूर्वीच कित्येक वर्षे कुत्र्यांवर ह्या शस्त्रक्रियेचे प्रयोग करीत होती. फेब्रुवारी 1968 मध्ये, म्हणजे अवघ्या अडीच महिन्यांत, डॉ. सेन व त्यांच्या पथकाने के. ई. एम. मध्ये हृदयारोपण केले. ते भारतातील पहिले, जगातील सहावे. आणि अशी शस्त्रक्रिया करणारे डॉ. सेन हे जगातील चौथे शल्यविशारद ठरले. नवे हृदय छातीत बसले, धडधडू लागले. परंतु रुग्णाच्या फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा वाढलेला विरोध त्यास पेलला नाही, आणि सुमारे तीन तासांत सारे संपले. त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरा प्रयत्न झाला. तो रुग्ण सुमारे चौदा तास जगला. त्यानंतर डॉ. सेन यांनी ही वाट सोडली.

ह्या प्रसंगी त्यांच्यावर टीका झाली नसती तरच नवल. जेथे साधी औषधे पुरत नाहीत तेथे एवढा खटाटोप कशास, हा प्रश्न निष्कारण नव्हता. त्याचे उत्तर देताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली ही की, अपयश एकट्या परळाच्या वाट्यास आले नव्हते. 1968 ह्या एका वर्षात जगात शंभराच्या वर हृदयारोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावले. काही वर्षांत बहुतेक इस्पितळांनी ही शस्त्रक्रिया थांबविली. परके हृदय शरीर नाकारते, त्यावर उतारा ठरणारे सायक्लोस्पोरिन हे औषध 1980 नंतरच प्रचारात आले. शिवाय आपल्याकडे मेंदूचा मृत्यू हाच मृत्यू मानणारा कायदा नव्हता. तो 1994 साली झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हृदयारोपण फसले, पण ते करण्यासाठी जी घडी बसविली होती ती फसली नाही. तोच विभाग, त्याच परिचारिका, तेच भूलतज्ज्ञ व तीच रक्तपेढी दुसऱ्या दिवशीही झडपा मोकळ्या करीत होती, मुलांच्या हृदयातील जन्मजात छिद्रे बुजवीत होती व नवे शल्यविशारद घडवीत होती.

भारत सरकारने 1969 साली डॉ. सेन यांस पद्मभूषण देऊन गौरविले. 1982 साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या चरित्राचा ताळेबंद मांडताना तीन तास धडधडलेले ते एक हृदयच लोकांस आठवते. आम्हांस तो न्याय वाटत नाही. झाड कोणत्या वर्षी विजेने होरपळले एवढेच ध्यानात ठेवून त्याच्या सावलीस विसरावे, तसा हा प्रकार आहे.

येथून आपल्या दारी येऊ. सांधेतापाने बिघडलेली झडप शल्यविशारद मोकळी करीलही. पण झडप बिघडू नये म्हणून जे औषध हवे ते पेनिसिलिन. मुलाच्या घशातील जंतुदोष वेळीच त्याने बरा केला तर बहुधा सांधेताप येतच नाही. आणि एकदा तो येऊन गेला असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देत राहिल्यास तो उलटत नाही. हे औषध देशात तयार व्हावे म्हणून 1954 साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला, तो देहूरोडहून गाडीने काही स्थानकांवर असलेल्या आपल्या पिंपरीत. परळच्या शस्त्रक्रियागृहात जे प्राण मोठ्या कष्टाने वाचविले जात, ते तेथवर जाऊच नयेत याची तजवीज आपल्या परिसरात होत होती. हृदयोपचार म्हणजे ह्या दोन्ही टोकांना जोडणारी साखळी होय.

ज्ञातिबंधुभगिनींपुढे आम्हांस एक विचार ठेवावयाचा आहे. कोणाच्या घरी हृदयशस्त्रक्रियेचा प्रसंग आला की ज्ञातिनिधीतून मदत द्यावयाची, चार सभासदांनी इस्पितळात धाव घ्यावयाची, ही आपली रीत चांगलीच आहे व ती चालू राहावी. परंतु ती साखळीची शेवटची कडी आहे. आज मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारखे सरकारी साहाय्य आहे, पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, 2014 पासून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका येते. उणीव आहे ती आधीच्या कड्यांची, आणि त्या जोडण्यास फार पैसा लागत नाही. प्रत्येक घराने चाळिशी उलटलेल्या सभासदांचा रक्तदाब व साखर वर्षातून एकदा तपासून वहीत मांडावी. मुलाचा घसा वारंवार दुखून ताप येत असेल, सांधे सुजत असतील, तर डॉक्टरांस दाखविण्यात हयगय करू नये. आणि डॉक्टरांनी इंजेक्शनांचा क्रम लावून दिला असेल तर मूल बरे दिसते म्हणून तो मध्येच सोडू नये. सभासदांच्या रक्तगटांची यादी शाखेच्या दप्तरी असावी. छातीत कळ, घाम व धाप अशी लक्षणे दिसताच पित्त असेल म्हणून रात्र काढू नये; रोहिणी तुंबल्यावर जातो तो प्रत्येक तास हृदयाचा काही भाग कायमचा घेऊन जातो. आणि कोसळलेल्या मनुष्याची छाती कशी दाबावी हे शाखेतील तरुण-तरुणींनी तज्ज्ञांकडून शिकून घ्यावे.

ही कामे कोणास शुल्लक वाटतील. त्यांत नाव नाही, वर्तमानपत्रात छायाचित्र नाही. परंतु डॉ. सेन यांच्यासारख्या असामान्य शल्यविशारदानेही आयुष्याचा मोठा भाग अशाच कामांत घालविला: नोंदी जपणे, माणसे शिकविणे, रक्ताची सोय लावणे, आणि न वाचलेल्या रुग्णापासून शिकून पुढच्यास वाचविणे. त्यांच्या हातचे कौशल्य आपणांस लाभणे शक्य नाही; त्यांची चिकाटी मात्र कोणाही कुटुंबास उचलता येईल. पुढील स्मरणिका निघेल तेव्हा शाखेच्या दप्तरात रक्तगटांची यादी व घरोघरच्या वह्यांत वर्षाची नोंद असावी, एवढीच आमची सर्व सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे.